एका अक्षराने अर्थ बदलणारे इंग्रजी शब्द: गोंधळ कसा सोडवायचा

मागे एकदा एका ओळखीच्या माणसाने मशीन विकायचं कोटेशन बनवलं आणि पाठवायच्या आधी मला म्हणाला, ताई एकदा नजर टाक. मी टाकली. व्याकरण ठीक होतं, कुठे लाल रेघ नव्हती, मी म्हटलं पाठव. पंधरा दिवसांनी तेच पत्र घेऊन तो परत आला तेव्हा त्यातल्या एका ओळीवर गिऱ्हाइकाने पिवळा हायलायटर फिरवलेला होता. त्याला म्हणायचं होतं की मशीनला पूरक अशी देखभालीची सेवाही आम्ही देतो, अर्थात पैसे घेऊन. त्याने लिहिलं होतं कॉम्प्लिमेंटरी सर्व्हिस, आणि एलच्या पुढे जिथे ई हवा तिथे आय टाकला होता. आय टाकला की त्याच शब्दाचा अर्थ होतो सप्रेम भेट, म्हणजे फुकट. गिऱ्हाईक म्हणत होतं फुकट लिहिलंय ना मग फुकट द्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. चूक आमचीच होती, आणि ती माझ्या नजरेखालून गेली होती याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवलीये. लोकांची पत्रं, अर्ज, रिपोर्ट तपासताना जी जोडी सारखी सारखी चुकलेली दिसते ती त्यात लिहायची आणि ती का चुकते तेही लिहायचं. हे जे खाली सांगतेय ते त्या वहीतूनच आहे. पाठांतराची यादी नको असेल, एकदाचा गोंधळ संपवायचा असेल तर वाचा.

एक विनंती आधीच करते. शेजारी कागद-पेन घ्या. मी स्पेलिंग अक्षर सुटं करून सांगणार आहे, ते तुम्ही हाताने इंग्रजीत लिहा, दोन्ही शब्द एकाखाली एक. या जोड्या कानाला सारख्या लागतात आणि डोळा तर यांच्यावरून नुसता घसरतो, त्यामुळे हाताला सवय लागली तरच फरक टिकतो. आणि स्पेलचेकच्या भरवशावर अजिबात राहू नका, कारण स्पेलचेक बघतो की असा शब्द डिक्शनरीत आहे का, आणि या जोडीतले दोन्ही शब्द डिक्शनरीत असतातच. हल्लीचे ग्रामर चेकर वाक्य बघून कधीकधी निळी रेघ देतात पण कधीकधीच, आणि ऑटोकरेक्ट तर उलट बरोबर शब्दाचा चुकीचा करून ठेवतो.

दोन्ही शब्द एकदम शिकू नका

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपण काय करतो, दोन सारखे शब्द शेजारी शेजारी ठेवून दोघांचे अर्थ घोकतो, हा म्हणजे हे आणि तो म्हणजे ते, आणि आठवड्याने डोक्यात एवढंच उरतं की या दोघांत काहीतरी फरक आहे, कोणाचा अर्थ कुठला ते गेलेलं असतं. त्यापेक्षा जोडीतला एकच शब्द धरा, त्याला एक खुंटी ठोका, आणि तो इतका पक्का करा की झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. दुसऱ्याकडे बघूच नका. जिथे पहिला बसत नाही तिथे दुसरा आपोआप येतो.

उदाहरण म्हणून स्टेशनरी घ्या. वह्या, पेनं, पाकिटं वाली स्टेशनरी, तिच्या शेवटी ई-आर-वाय. जागच्या जागी उभी असलेली, न हलणारी गाडी, तिच्यासाठीचं विशेषण, शेवटी ए-आर-वाय. यातली फक्त पहिली धरा: पेपरच्या शेवटी ई-आर, लेटरच्या शेवटी ई-आर, म्हणून कागदवाल्या स्टेशनरीत ई-आर. झालं. दुसरीला खुंटीची गरजच नाही.

आता गंमत बघा, हे दोन शब्द मुळात वेगळे नाहीतच. मध्ययुगात पुस्तकं विकणारे बहुतेक फेरीवाल्यांसारखे गावोगाव न फिरता एका ठरलेल्या जागी बसायचे, म्हणून त्यांना स्टेशनर म्हणजे एका जागी ठाण मांडून बसलेला म्हणायचे, आणि तो जे विकतो ती स्टेशनरी. म्हणजे उभी गाडी आणि वहीचं दुकान एकाच मुळातून आले. असं कळलं की निदान राग तरी कमी येतो, कारण गोंधळ आपल्या डोक्यात नाही तर भाषेतच आहे.

आणि ही एकच जोडी नाही. दॅन आणि देन, म्हणजे तुलनेतला पेक्षा आणि नंतर या अर्थाचा मग, हे जुन्या इंग्रजीत एकच होते. ऑफ आणि ऑव्ह, एक डबल एफवाला आणि एक सिंगल, तेही एकच. पीठ आणि फूल यांना इंग्रजीत आज फ्लॉर आणि फ्लॉवर अशी वेगवेगळी स्पेलिंग आहेत, पण पीठ म्हणजे धान्याचं फूल, त्यातला निवडक उत्तम भाग, अशा अर्थाने तो शब्द निघाला आणि सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या डिक्शनरीतसुद्धा दोन्ही वेगळे काढलेले नाहीत. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला, त्यानंतर हळूहळू स्पेलिंग गोठत गेली पण उच्चार मात्र बदलत राहिले, त्यामुळे लिहिणं एकीकडे आणि बोलणं एकीकडे अशी आजची अवस्था आहे. आपल्याकडे जसं बोलतो तसं बरंचसं लिहितो, म्हणून मराठी माणसाला हे जास्तच टोचतं.

घशाला हात लावून ओळखता येणाऱ्या जोड्या

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. मराठी व्याकरणात आपण घोष आणि अघोष वर्ण शिकलोय, आठवतंय का? गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि स्स्स म्हणा, काही हलत नाही. मग माशी गुणगुणते तसा झ्झ्झ म्हणा, बोटांना थरथर लागते. स अघोष, झ घोष. एवढं एक कळलं की इंग्रजीतल्या जोड्यांचा एक अख्खा गठ्ठा सुटतो.

इंग्रजीत बऱ्याच जोड्यांमध्ये नाम असेल तर शेवटचा आवाज अघोष असतो आणि क्रियापद असेल तर घोष. सल्ला हे नाम, त्याचा उच्चार अ‍ॅडव्हाइस, शेवटी स, स्पेलिंग सी-ई. सल्ला देणे हे क्रियापद, उच्चार अ‍ॅडव्हाइझ, शेवटी झ, स्पेलिंग एस-ई. आपण दोन्हीकडे अ‍ॅडव्हाइस म्हणतो आणि म्हणून मेलच्या शेवटी प्लीज अ‍ॅडव्हाइस असं सी घालून लिहितो, आणि ही चूक इतकी पसरलीये की बरोबर लिहिलेलं वाक्यच लोकांना चुकीचं वाटायला लागलंय. प्लीजच्या पुढे तुम्ही काहीतरी करा असं सांगताय ना, मग ते क्रियापद, मग झ, मग एस. उपकरण म्हणजे डिव्हाइस, सी. युक्ती योजणे म्हणजे डिव्हाइझ, एस. तसंच चालतं.

हाच नियम स्पेलिंग न बदलतासुद्धा चालतो हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. उपयोग हे नाम म्हणजे यूस, वापरणे म्हणजे यूझ. घर म्हणजे हाउस, कोणाला आसरा देणे म्हणजे हाउझ. सबब म्हणजे एक्स्क्यूस, माफ करणे म्हणजे एक्स्क्यूझ. आणि स-झ पुरतंच नाही, फ आणि व मध्ये पण तेच: विश्वास बिलीफ, विश्वास ठेवणे बिलीव्ह, पुरावा प्रूफ, सिद्ध करणे प्रूव्ह, अर्धा हाफ, अर्धे करणे हाव्ह. आणि श्वासाचंही तसंच, नाम ब्रेथ, शेवटी हवा नुसती निसटते, आणि क्रियापद ब्रीद, शेवटी गळा घुमतो, स्पेलिंगला एक ई जास्त. बाथ-बेद, क्लॉथ-क्लोद याच घरातले. कारण असं की जुन्या इंग्रजीत अशा क्रियापदांना शेवटी आणखी एक प्रत्यय लागायचा, त्यामुळे ते व्यंजन दोन स्वरांच्या मध्ये यायचं आणि तिथे त्याला कंप चढायचा, पुढे प्रत्यय गळून गेला पण कंप राहिला. फ्रेंचमधून आलेले शब्दही मग त्याच चालीत बसले.

सगळीकडे मात्र लावू नका. प्रॉमिस, पर्चेस यांना दोन्ही वेळेला स च असतो. प्रॅक्टिस आणि लायसन्समध्ये उच्चारात फरक नाहीच, फक्त ब्रिटिश स्पेलिंगमध्ये नामाला सी आणि क्रियापदाला एस असा फरक करतात, आणि अमेरिकन लोक प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने आणि लायसन्स दोन्हीकडे एसने लिहितात. तेव्हा आपण कोणासाठी लिहितोय ते ठरवा आणि एका कागदावर एकच पद्धत ठेवा.

आता याच नियमाने सर्वात जास्त छळणारी जोडी सोडवू: लूज. एल-ओ-ओ-एस-ई म्हणजे सैल, आणि एल-ओ-एस-ई म्हणजे हरवणे, गमावणे, हरणे. खरा उच्चार सैलचा लूस आहे, शेवटी स. गमावण्याचा लूझ, शेवटी झ. पण मराठीत आपण काय म्हणतो? नट लूज झालाय, शर्ट लूज होतोय. म्हणजे सैल या अर्थाचा शब्द आपण मराठीत घेताना त्याला ज लावून टाकला आणि दोन्ही शब्द तोंडात एकच झाले. मग हात टाइप करताना जो जास्त ओळखीचा तो लिहितो, दोन ओवाला, आणि आम्हाला तुम्हाला गमवायचं नाही असं लिहायचं तिथे आम्हाला तुम्हाला सैल करायचं नाही असं होऊन बसतं. खुंटी सैललाच ठोका. सैल कपड्यात जागा जास्त असते, म्हणून त्या शब्दात ओ पण जास्त. आणि आठवडाभर इंग्रजी बोलताना तरी तो मुद्दाम लूस म्हणा, ऐकणाऱ्याला जरा वेगळं वाटेल पण तेच बरोबर आहे.

मराठीच जिथे फसवते

अफेक्ट आणि इफेक्ट. हजारदा ऐकलेला नियम आहे, ए वालं क्रियापद, ई वालं नाम. नियम बरोबर आहे तरी सगळे चुकतात आणि का चुकतात ते मला खूप उशिरा कळलं. आपण मराठीत विचार करतो, झोपेचा कामावर परिणाम होतो. यात परिणाम हे नामच आहे आणि क्रियापद आहे होतो. म्हणून डोकं म्हणतं परिणाम म्हणजे नाम म्हणजे इफेक्ट, आणि आपण लिहितो स्लीप इफेक्ट्स वर्क. पण इंग्रजी वाक्यात परिणाम होतो हे दोन्ही मिळून एकच शब्द आहे, तोच क्रियापद आहे, म्हणून तिथे अफेक्ट हवा. तेव्हा मराठी अर्थावरून ठरवू नका, इंग्रजी वाक्यात बघा. शब्दाच्या आधी द, अ‍ॅन, एनी, नो, साइड यातलं काही आहे किंवा घालता येतंय? मग इफेक्ट. कर्त्यानंतर थेट आलाय आणि त्याच्यापुढे ज्याच्यावर परिणाम झाला ती वस्तू किंवा माणूस उभा आहे? मग अफेक्ट. अजून एक, अफेक्टनंतर ऑन येत नाही. आपण कामावर मधला वर मनात धरून ऑन टाकतो. ऑन टाकावासा वाटतोय तर वाक्य हॅव अ‍ॅन इफेक्ट ऑन असं लिहा, दोन्ही बरोबर, फक्त भेसळ नको.

याला दोन अपवाद आहेत. इफेक्ट क्रियापद म्हणून आला तर अर्थ घडवून आणणे, इफेक्ट अ चेंज म्हणजे बदल घडवून आणणे. आणि मानसशास्त्रात अफेक्ट हे नाम आहे, माणसाच्या भावना बाहेर दिसतात त्या अर्थाने, त्यात पहिल्या अक्षरावर जोर देऊन अ‍ॅफेक्ट म्हणतात. रोजच्या कामात पहिला कधीतरी लागेल, दुसरा डॉक्टरी रिपोर्टमध्येच भेटेल.

मराठी फसवते तसं ती वाचवतेही. प्रिन्सिपल घ्या. शेवटी पी-ए-एल असलेला म्हणजे मुख्य, आणि शाळेचा मुख्याध्यापक पण तोच, आणि कर्जातली मुद्दल पण तोच. मुख्य, मुख्याध्यापक, मुद्दल, तिन्ही मु. आणि शेवटी पी-एल-ई असलेला म्हणजे तत्त्व, नियम. रूलच्या शेवटी एल-ई, प्रिन्सिपलच्या शेवटी एल-ई. इथे मी खुंटी मु ला ठोकते कारण बँकेच्या कागदावर ए वालाच येतो आणि तिथे चूक झालेली बरी दिसत नाही.

देअर त्रिकूटातही मराठी कामाला येते. आपल्याकडे इथे, तिथे, कुठे कसे एका साच्यातले आहेत, तसेच इंग्रजीत हिअर, देअर, व्हेअर. तिघांत एच-ई-आर-ई जसंच्या तसं बसलेलं आहे, लिहून बघा. म्हणून जागा सांगणारा देअर कधीच चुकणार नाही. त्यांचा या अर्थाच्या देअरमध्ये एच-ई-आय-आर आहे, तो सुट्टा वाचला तर एअर म्हणजे वारस, आणि वारसाचा मालकीशी संबंध. तिसरा आहे दे आर जोडून केलेला.

तो तिसरा आला म्हणून अपॉस्ट्रॉफीचं बोलूनच घेऊ. इट्स, युअर, हूज, सगळ्यांत एकच रोग आणि एकच औषध. ती वरची खूण मालकीची नाही, तिथलं अक्षर गाळलंय याची आहे. खूण दिसली की शब्द उघडून मोठ्याने वाचा: इट इज, यू आर, हू इज, कधीकधी इट हॅज. वाक्य नीट लागलं तर खूण ठेवा, नाही लागलं तर खूण काढा. द कंपनी चेंज्ड इट इज लोगो, नाही लागत ना, मग खूण नको. लोक चुकतात कारण माणसाच्या नावाला मालकी दाखवताना खूण लागते, मग इटला का नाही असं वाटतं. पण हिज, हर, अवर, देअर यांच्यात कोणालाच खूण नाही, इट्स त्यांच्या रांगेतला आहे. इंग्रज लोक स्वतः 17व्या-18व्या शतकात मालकीच्या इट्सला सर्रास खूण देत होते, त्यामुळे कोणी चुकलं तर लगेच अडाणी समजू नका, पण आजच्या पत्रात ती चूकच धरली जाते.

खुंट्या, जशा आठवतील तशा

कॉम्प्लिमेंटचं सुरुवातीला सांगितलंच, खुंटी राहिली. ई वाला म्हणजे पूरक, दुसऱ्याला पूर्ण करणारा, कारण कम्प्लीटमध्ये एलनंतर ई आहे तसाच इथे. एवढाच धरा. जो उरला तो स्तुतीचा आणि फुकटचा.

डेझर्ट. सिंगल एस वाळवंट, डबल एस जेवणानंतरचं गोड. गोड दुसऱ्यांदा मागावंसं वाटतं म्हणून एस दोनदा, पोरांना हे लगेच लागतं. गोडाचा शब्द फ्रेंचमधून आला, टेबल आवरणे या अर्थाच्या क्रियापदावरून, म्हणजे ताटं उचलल्यावर जे येतं ते. वाळवंटाचा शब्द लॅटिनमध्ये सोडून दिलेला या अर्थाचा, म्हणूनच सोडून जाणे हे क्रियापदही सिंगल एसनेच लिहितात, फक्त जोर मागच्या भागावर येऊन ते गोडासारखं ऐकू येतं. कानावर विसंबलात तर इथे हमखास फसाल.

डिस्क्रीट, ही माझी सर्वात आवडती. एकाचा अर्थ गुपचूप, कोणाला कळणार नाही अशा बेताने वागणारा, त्यात ई-ई चिकटून आहेत आणि मग टी. दुसऱ्याचा अर्थ सुटासुटा, वेगळा, गणितात येतो तो, त्यात ई-टी-ई. बघा, टीने मध्ये उभं राहून दोन ई वेगळे केलेत. अर्थ स्पेलिंगमध्येच दिसतो, आणखी काही नको.

पर्सनल म्हणजे खासगी, पर्सोनेल म्हणजे कर्मचारी, त्यात दोन एन कारण कर्मचारी एकापेक्षा जास्त असतात. मॉरल नैतिक, मोराल म्हणजे मनोधैर्य, शेवटच्या ईने जोर शेवटाकडे ढकललाय. अ‍ॅक्सेप्ट स्वीकारणे, एक्सेप्ट सोडून, वगळून. वगळलेली गोष्ट बाहेर जाते आणि एक्झिटमध्ये ई-एक्स आहे. इलिसिट दोन आहेत, एक ई ने सुरू होणारा म्हणजे उत्तर, माहिती काढून घेणे, दुसरा आय आणि डबल एलचा म्हणजे बेकायदेशीर, इल्लीगलसारखाच. एमिनंट नामवंत, इमिनंट येऊन ठेपलेलं. अ‍ॅडॉप्ट स्वीकारणे, दत्तक घेणे, त्यात ओ, ऑप्शनमधला, म्हणजे निवड करून घेणे. अ‍ॅडॅप्ट जुळवून घेणे. एन्शुअर खात्री करणे, इन्शुअर विमा उतरवणे, अ‍ॅश्युअर माणसाला दिलासा देणे, यात तिसऱ्यानंतर नेहमी माणूस येतो हे लक्षात ठेवलं की झालं.

प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब कमी लोकांना लागतात पण लागले तर जपून, कारण अर्थ बरोब्बर उलटा होतो. पहिला म्हणजे हे करा असं नेमून देणे, जसं औषध. दुसरा म्हणजे बंदी घालणे. नियमावली लिहीत असाल तर इथे एका अक्षराने परवानगीची मनाई होते.

हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल यात स्पेलिंगची नाही, शेपटीची भानगड आहे. इतिहासात नोंद होण्याइतका महत्त्वाचा तो हिस्टॉरिक, नुसता इतिहासाशी संबंधित तो हिस्टॉरिकल. प्रत्येक जुना कागद हिस्टॉरिकल असतो, हिस्टॉरिक एखादाच. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचं, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं. अशी शेपटी लागली की अर्थ कसा बदलतो याचा एकच नियम नाही, जोडीगणिक बघावं लागतं.

बोटांच्या चुका वेगळ्या आणि त्यांचा उपाय वेगळा

काही जोड्यांमध्ये अर्थ आपल्याला शंभर टक्के माहीत असतो तरी चूक होते. फॉर्म आणि फ्रॉम, क्वाइट आणि क्वाएट, अँगल आणि एंजल, डायरी आणि डेअरी, ट्रायल आणि ट्रेल, युनायटेड आणि अनटाइड. वैवाहिक या अर्थाचा मॅरिटल आणि लष्करी या अर्थाचा मार्शल, यात फक्त आय आणि टी यांची अदलाबदल आहे आणि अर्जात वैवाहिक स्थितीच्या जागी लष्करी स्थिती छापून येते. इथे खुंट्या ठोकून उपयोग नाही कारण डोकं बरोबर आहे, बोटं चुकतात.

यावर मी एकच करते. लिहून झालं की वहीतली माझी यादी उघडायची आणि फाइलमध्ये कंट्रोल-एफ दाबून एकेक शब्द शोधायचा. फॉर्म टाइप केला, सात ठिकाणी सापडला, सातही ठिकाणी वाक्य वाचलं, पुढचा. यादी दहा-बारा शब्दांची असली तर दहा मिनिटं लागतात. नुसतं वरून खाली वाचून या चुका सापडत नाहीत, कारण डोळा जे लिहायचं होतं तेच वाचतो, त्या कोटेशनच्या वेळी माझंही हेच झालं. यादी मात्र तुमच्या स्वतःच्या चुकांची हवी, दुसऱ्याची छापील यादी घेऊ नका, त्यात निम्मे शब्द असे असतात की जे तुम्ही कधीच चुकत नाही आणि मग कंटाळा येऊन सगळंच सुटतं.

आणि डिक्शनरी बघताना अर्थाच्या आधी दोन गोष्टी बघत जा, शब्द नाम आहे की क्रियापद आणि खाली दिलेलं उदाहरणाचं वाक्य. ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा, आणि त्याखाली स्वतःच्या कामातलं एक वाक्य. अर्थ विसरतो, वाक्य राहतं.

आता कागदावर एवढं सोडवा. झोप कमी झाल्याचा तिच्या आवाजावर परिणाम झालाय, हे एका क्रियापदाने. कर्जाची मुद्दल अजून बाकी आहे. संघाने आपला कॅप्टन बदलला. हा रंग पडद्यांना पूरक आहे. मी त्याला थांबायचा सल्ला दिला, हेही एकाच क्रियापदाने. आणि शेवटचं, नव्या मॅनेजरबद्दल: शी विल, मग रिकामी जागा, मग मेनी चेंजेस, आणि जागेत अफेक्ट की इफेक्ट.

पहिल्यात अफेक्ट, ए ने, आणि ऑन नाही. दुसऱ्यात पी-ए-एल, मु वाला. तिसऱ्यात इट्स, खूण नाही, कारण इट इज कॅप्टन होत नाही. चौथ्यात एलनंतर ई. पाचव्यात अ‍ॅडव्हाइझ्ड, घसा घुमतो, म्हणून एस. सहाव्यात दोन्ही चालतात. ई ने लिहिलं तर ती बरेच बदल घडवून आणेल, ए ने लिहिलं तर जे बदल आधीच चालू आहेत त्यांच्यावर तिचा परिणाम होईल, तेव्हा ते वाक्य पाठवण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा की बदल कोण करतंय.